राजाचा डावा हात

सर्व संबंधितांस, म्हणजे चांदा जिल्ह्यातील तमाम दंडारप्रेमी मंडळींस, आरमोरीपासून चामोर्शीपर्यंतच्या मंडईच्या पंचांस, आणि आमच्या गावच्या ज्या टवाळांनी मला आजवर एकदाही सरळ मास्तर म्हणून हाक मारली नाही त्या सर्वांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की मी विधवा झालो आहे.

हसू नकोस, रघू. हे मी तुझ्या तेरवीच्या पंगतीत उभं राहून म्हटलं. पत्रावळींवर भात वाढून झाला होता, लोक हात आखडून बसले होते, प्रत्येकानं चेहरा जमेल तेवढा लांब केला होता. कुणीतरी दोन शब्द बोलायला हवे होते आणि भाषणाची खोड गावात एकट्या मलाच. भरघोस मिशीचा शाळामास्तर हात जोडून सांगतो आहे की तो विधवा झाला, हे ऐकून पंगत आधी दचकली. मग एकेक जण उपरण्याआड तोंड लपवायला लागला. फक्त तुझी गिरजाबाई आतल्या दारातून शांतपणे म्हणाली, "सवत, आता बस खाली. भात निवून राह्यला."

मी बसलो. सवतीचं ऐकावंच लागतं.

ती मला सवत म्हणते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण हे कुणी परगावचा वाचेल म्हणून सांगून ठेवतो. दिवाळी सरली की आपल्या झाडीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडईची जत्रा भरते. भर दुपारी मधल्या चौकात दंडार उभी राहते. नाच, गाणं आणि नाटक असं सगळं एकाच भांड्यात शिजवलेलं. आपल्या गावच्या दंडारीत तू राजा आणि मी राणी. दसरा झाला की मी मिशी उतरवायचो, आणि माझ्या बायकोला कळायचं की आता महिना-दोन महिने नवरा घरात नाही, घरात गिरजाबाईची सवत आहे. राणीचं हिरवं लुगडंही गिरजाबाईचंच. लग्नातलं. दरवर्षी देताना ती बजावायची, "वामनभाऊ, फाडू नोको. अन् नवऱ्याले जास्त चिकटू नोको, तो माहा हाये."

तुझ्या सगळ्या दंडारीत एक जागा होती, तिच्यासाठी माणसं तीन-तीन कोस बैलबंडीनं यायची. राज्य गेलेलं आहे, शत्रू वेशीशी येऊन ठेपला आहे, प्रजा भेदरली आहे, आणि प्रजेनं भिऊ नये म्हणून राजा भर दरबारात हसतो. काय हसायचास तू. मान मागे, छाती पुढे, उजवा हात कमरेवर, आणि पोटातून उसळलेलं ते हसू मंडईच्या टोकाला बसलेल्या भजेवाल्यापर्यंत पोचायचं. भजेवाला झारा कढईत तसाच सोडून बघत राहायचा. लोक शिट्ट्या मारायचे, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या.

राणी तेव्हा राजाच्या अर्धं पाऊल मागे उभी असते. म्हणून सगळ्या जिल्ह्यात एकट्या मला ठाऊक होतं की ते हसू कुठून येतं. तुझा डावा हात तेव्हा पाठीमागे असायचा. खांद्यावरून आलेल्या शेल्याचं टोक तू त्या मुठीत असं आवळायचास की बोटांची पेरं पांढरी पडायची. मी एकदा विचारलं तेव्हा तू म्हणालास, "मले कुठीतरी धरा लागते बे. नाई तं हासू सुटत नाई."

तुझं घरचं हसू अगदीच गरीब होतं. नाकातून नुसतं फुर्र. दावणीचा बैल फुरफुरतो ना, तसं. राजाला असं हसताना कुणी ऐकलं असतं तर तुझं राज्य दिवाळीआधीच गेलं असतं.

त्या जागेवरून आपला एक वाद होता. मी म्हणायचो, राजानं हसता हसता मागे हात करून राणीचा हात धरावा. एकदाच, हळूच. शेल्यापेक्षा राणी बरी. तू म्हणायचास, "राजा लोकाईसमोर बायकोचा हात धरत नसते. लोक हासतीन." मी म्हणायचो, हसू देत, हसवायलाच तर उभे आहोत. तू म्हणायचास, मास्तरनं शाळा शिकवावी. हा वाद आपण किती वर्षं घातला कोण जाणे. तालमीत घातला, धानाच्या बांधावर घातला, परगावच्या मंडईहून परतताना बंडीत घातला. एकदा तर तुझ्या बैलांनी कंटाळून वाट सोडली.

मग एका हिवाळ्यात तुझ्या डाव्या गालात घाव झाला. जन्मभर जिथे तू तंबाखू-चुन्याची गोळी दाबून ठेवायचास, नेमका तिथेच. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बत्ती घालून पाहिलं आणि तुला नागपूरला धाडलं. तिथे गालाचा तुकडा आणि जबड्याचा थोडा भाग काढला, वर रेडियमचा शेक दिला. काढता आलं तेवढं काढलं, असं सांगून त्यांनी तुला परत पाठवलं. क्यान्सर हा शब्द तेव्हा गावात पहिल्यांदा आला. बायका तो कुजबुजत म्हणायच्या, जणू मोठ्यानं म्हटलं तर तो घरात शिरेल.

आणि आपलं गाव तुला भेटायला निघालं. आजाऱ्याला भेटायला जायचं ही आपल्याकडची रीत, आणि तू तर राजा. ओसरीवर तुझी बाज टाकलेली, समोर सतरंजी. लोक यायचे, पानपुडा काढायचे, "कसं काय रघूभाऊ" विचारायचे. आणि तू हसायचास. अर्ध्या गालानं, गळणाऱ्या तोंडानं, पण तेच दरबारी हसू. शब्द फुटत नव्हते तर हातवारे करून विनोद करायचास. नागपूरच्या डॉक्टरची चालण्याची नक्कल तर अशी केलीस की पोलीस पाटील सतरंजीवर लोळला. लोक उठताना म्हणायचे, "मानलं बापा. क्यान्सरले हासून राह्यला माणूस." मग तेच लोक आपल्या पाहुण्यांना घेऊन यायचे. चामोर्शीहून कुणाचा तरी व्याही खास आला. सबंध झाडी नाटकवेडी. समोर चांगलं काम दिसलं की तिला दुसरं काही दिसत नाही. तिनं मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या आणि पुढचा प्रयोग मागितला.

तो व्याही आला त्या दिवशी गर्दी फार होती. सतरंजीवर जागा नव्हती म्हणून मी बाजेच्या मागच्या कडेला, तुझ्या पाठीशी बसलो. अर्धं पाऊल मागे. व्याह्यानं काहीतरी विचारलं, तू मान मागे टाकून हसलास, आणि मला तुझा डावा हात दिसला.

बाजेच्या सुतळीत तू बोटं खुपसली होतीस. सुतळी कातडीत रुतली होती.

लोक गेले. मी मुद्दाम रेंगाळलो. शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडला तसा तू कूस वळवून भिंतीकडे तोंड केलंस आणि मी तिथे आहे हेही तुझ्या ध्यानात राहिलं नाही. माझ्याशी भांडलाही नाहीस. मी मुद्दाम खडा टाकला, "यंदा त्या जागी राणीचा हात धरायचा बरं का." तू भिंतीला सांगितलंस, "जसं तुले वाटन तसं." रघू, तेव्हा मी घाबरलो. तुझ्या गालाला भोक पडलं तेव्हा घाबरलो नव्हतो तेवढा.

आत गिरजाबाई पेज ढवळत होती. तिला विचारलं. तिला सगळं माहीत होतं. तू पहाटेआधीच जागा होऊन छताकडे बघत पडतोस. बैलांकडे फिरकत नाहीस. शंकरपटाच्या शर्यतीत पळणाऱ्या त्या लाडक्या जोडीची घुंगरमाळ तू शेजारच्या सोनबाला देऊन टाकलीस. मी घराले भार, मीच तंबाखू खाल्ला, माह्या पापाचं फळ, असं पुटपुटतोस. "मंग तुम्ही बोलला काऊन नाई?" मी विचारलं. तिनं पळी भांड्यावर आपटली. "का बोलू भाऊ? क्यान्सरचा माणूस तोंड पाडून बसन नाई तं का नाचन?"

म्हणजे बाहेरच्यांना वाटत होतं तू क्यान्सरला हसतोस, आणि घरच्यांना वाटत होतं क्यान्सरमध्ये असंच असायचं. दोघांच्या मधल्या जागेत तू बुडत होतास.

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आपल्या सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलणाऱ्या. मी म्हटलं, "बाई, रघूचा डावा हात बरा नाही." त्यांनी विचारलं, सूज आहे का? मुंग्या येतात का? मला सांगता येईना. मग मला जे येतं ते मी केलं. रोग्यांच्या रांगेसमोर उभा राहिलो, मान मागे टाकली, कमरेवर हात ठेवला आणि तुझं दरबारी हसू हसलो. कंपाउंडरच्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली. एक म्हातारी "याले आधी घ्या वं बाई" म्हणून बाकावरून उठली. मग मी पाठमोरा झालो आणि डाव्या हाताची मूठ दाखवली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा करून दाखवा."

मी पुन्हा केलं. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"हे ते रोज करतात?"

"लोक येतील तितक्या वेळा."

 त्या म्हणाल्या, "भूक गेली, झोप गेली, माणूस वाळला, एवढं सांगितलं असतंत तर मला काही कळलं नसतं. ते सगळं कॅन्सरही करतो. मला सांगा, त्यांना कशात गोडी वाटते?"

मी तुझ्या गोडीच्या गोष्टी आठवू लागलो. बैल, पट, नव्या तांदळाचा वास, माझ्याशी भांडण. एकेक म्हणत गेलो आणि एकेक पुसत गेलो.

आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी त्यांची जीप तिकडे जात असे. त्या वेळी वाट वाकडी करून त्या आपल्याकडे आल्या. ओसरीवर भेटायला आलेले होतेच. बाई कुणाशी न बोलता बाजेच्या मागच्या कडेला, माझ्या जागी जाऊन बसल्या आणि तुझा प्रयोग पाहिला. मागून पाहिला. मग सतरंजी रिकामी करवली. गिरजाबाई, मी आणि तू उरलो. त्या पुढे आल्या, तुझ्यासमोर खाली जमिनीवर बसल्या आणि मुलाला नाव विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "रघुनाथराव, मरावंसं वाटतं का?"

गिरजाबाईच्या हातून लोटा सुटला. "बाई, असं अभद्र काऊन बोलता? त्याच्या मनात नसन तं येईन ना."

"विचारल्यानं मनात येत नाही," बाई तुझ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "असलं तर बाहेर पडायला वाट मिळते."

तू मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंस. मग त्या फाटक्या तोंडानं एकच शब्द काढलास. "रोज."

आणि मग, बांध फुटल्यावर पाणी थांबत नाही तसं, एकेक अक्षर जोडत तू सांगितलंस. की तू बोडीपर्यंत जाऊन आलास. गावाबाहेरच्या त्या तळ्यापर्यंत. की उन्हाळ्यानं बोडी आटली होती, गुडघाभर पाणी होतं. "राजानं गुडघाभर पाण्यात मरणं बरं दिसत नाई," असं म्हणालास. आम्हाला हसावं की रडावं कळेना. बाईंनी मात्र तुझा पाय हलकेच धरला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता हे तुमचं एकट्याचं राहिलं नाही."

मी खूप नाटकं पाहिली, रघू, आणि त्याहून जास्त स्वतः केली. एका माणसानं एक प्रश्न विचारावा आणि दुसऱ्या माणसाची आवळलेली मूठ आपोआप उघडावी, असा प्रवेश मला कधी लिहिता आला नसता. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. मिशीत माशी बसली होती, तिचीही शुद्ध नव्हती.

बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. कॅन्सर झाला की दुःख सगळ्यांनाच होतं. ते येतं, जातं, मधेच माणूस कशावरून तरी खुदकन हसतो, जेवतो, भांडतो. तुझं दुःख हलत नव्हतं. ते वेगळं दुखणं होतं, कॅन्सरच्या पोटात लपलेलं दुसरं, आणि त्याला वेगळं पाहायला हवं होतं. गिरजाबाईनं पदर तोंडाशी धरून विचारलं, "बाई, तो क्यान्सर तं बरा होणार नाई म्हणता. मंग मनाच्या दुखण्याले औषध देऊन का फायदा?"

"त्यांच्या पायात काटा मोडला असता," बाई म्हणाल्या, "तर कॅन्सर आहे म्हणून तो तसाच ठेवला असता का?"

 त्या संध्याकाळी आलेल्या चार बायकांना गिरजाबाईनं फाटकातूनच परत पाठवलं. "आज दरबार बंद हाये."

औषध म्हणजे जादूची पुडी नव्हती. अशा दुखण्यावर परदेशात गोळ्या शोधताहेत म्हणे, पण माझ्या कपाटात नाहीत, हे बाईंनी सरळ सांगितलं. होतं त्यातून त्यांनी सुरुवात केली. आधी दुखणं. तू शूरपणा म्हणून वेदना असह्य झाल्याशिवाय औषध घेत नव्हतास. त्यांनी बजावलं, वेदनेची वाट पाहायची नाही. सूर्य उगवला की घ्यायचं, डोक्यावर आला की घ्यायचं, मावळला की घ्यायचं. रात्री झोपेचं वेगळं. तुला एकटं ठेवायचं नाही, म्हणून आम्ही दोघी सवतींनी पाळ्या वाटून घेतल्या. ज्याच्यासमोर तुला हसावं लागणार नाही तेवढ्यालाच ओसरीवर प्रवेश. रोज हातापायाला थोडं काम, जमेल तेवढंच. आणि दर आठवड्याला बंडीत घालून तुला दवाखान्यात न्यायचं, तिथे बाई दार लावून तुझ्याशी बोलायच्या.

त्या दाराबाहेर बसून मी जळलो आहे. आतून तुझा घोगरा आवाज यायचा, मग बाईंचा, मग कुणाचाच नाही. एकदा तू रडत होतास हे मला भिंतीतून कळलं. परतताना मी विचारलं, काय बोलता एवढं? तू म्हणालास, "तिसऱ्या अंकाचं बोलणं व्हतं." पुढे एकदा बाईंनीच मला थोडं सांगितलं. मरताना काय होईल, श्वास कोंडेल का, घाण वास येईल का, गिरजाबाईला किळस येईल का, असं तू विचारायचास, आणि त्या खरं तेच सांगायच्या. हे तंबाखूमुळे झालं असेल, पण रोग ही शिक्षा नसते, हे त्यांनी तुला कितीदा सांगितलं कोण जाणे. बाकीचं काय बोललात ते तू घेऊन गेलास. राणीला त्या महालात प्रवेश मिळाला नाही. असू दे.

लगेच काही झालं नाही, हेही लिहायला हवं. रोवणीच्या दिवसांत तू बांधावर बसून धानाच्या रोपांच्या पेंढ्या बांधायचास आणि मधेच हात थांबायचे. मग गिरजाबाई चिखलातून यायची, काही न बोलता शेजारी बसायची, तिच्या हातांना पाहून तुझे हात पुन्हा चालू लागायचे. एखादा आठवडा बरा जायचा आणि पुढचा पार चिखलात. मी बाईंना वैतागून म्हटलं, हे पुढे जातंय की मागे? त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमची पोरं एका दिवसात बाराखडी शिकतात का?"

एके दिवशी तू सोनबाकडे माणूस धाडून घुंगरमाळ परत मागवलीस. सोनबा स्वतः घेऊन आला, आणि देताना कुरकुरला, "एकडाव देल्ली वस्तू वापस मांगते का कोणी?" तू म्हणालास, "राजा मांगते." पोरांच्या वर्गात पहिला नंबर आल्यासारखा मी हे घरोघर सांगत हिंडलो.

आणि मग दसऱ्याची ती सकाळ. न्हाव्यानं माझी अर्धी मिशी उतरवली आणि तेवढ्यात त्याला कुठूनसं बोलावणं आलं, तो वस्तरा धुऊन पळाला. मी वाट पाहून कंटाळलो आणि तसाच, अर्धी मिशी घेऊन, तुझ्या ओसरीवर आलो. तू बाजेवर बसून माळेचे घुंगरू पुसत होतास. वर पाहिलंस. एका बाजूनं वामन मास्तर, दुसऱ्या बाजूनं तुझी राणी.

फुर्र.

आतून गिरजाबाई धावत आली. "बैल सुटला का?"

फुर्र, फुर्र. तुझ्या नाकातून, डोळ्यांतून, गालाच्या त्या व्रणातून. तुझा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, त्यात काही आवळलेलं नव्हतं. गिरजाबाई चौकटीला धरून उभी राहिली आणि त्या बैलाच्या आवाजाकडे अशी बघत राहिली जशी माणसं देवळात बघतात. मीही बघत राहिलो. इतकं कुरूप हसू मी आयुष्यात इतकं डोळे भरून पाहिलं नव्हतं.

त्यावर तू मला म्हणालास, "या तोंडाच्या राणीचा हात कोण धरन बे?"

वाद पुन्हा सुरू झाला. मी घरी जाऊन आनंदानं ओरडलो. माझ्या बायकोला वाटलं न्हाव्यानं कान कापला.

क्यान्सरनं आपलं काम थांबवलं नाही. मंडईनंतर तुझ्या मानेत गाठ धरली, ती वाढत गेली, आणि मोहफुलं पडायच्या दिवसांत तू गेलास. पण तू गेलास तो तूच होतास, रघू. शेवटच्या आठवड्यात तू सोनबाच्या बैलांना नावं ठेवलीस, गिरजाबाईच्या पेजेत मीठ कमी आहे अशी खूण केलीस, आणि वाईट वाटायचं तेव्हा भिंतीकडे वळायच्या ऐवजी आमच्याकडे वळून रडलास. त्या सकाळी तुझा उजवा हात गिरजाबाईकडे होता आणि डावा माझ्याकडे. तिनंच वाटणी केली. म्हणाली, "तुले जो ओळखीचा हाये तो तू घे."

ओळखीचा कधी झाला, ते मला शेवटी लिहायचं आहे. तुझ्या अखेरच्या मंडईतली ती दुपार.

पंच म्हणाले होते, यंदा राजा दुसरा घेऊ. तू डॉक्टरीणबाईंना विचारलंस, त्यांनी मला विचारलं, किती वेळ उभं राहावं लागेल? मी म्हटलं, मी मागे असतो. ठरलं. तुझी वाक्यं आपण छाटून छाटून एवढीशी केली, त्या जागेवर तर नुसतं हसायचं आणि म्हणायचं, "भिऊ नका." चौक माणसांनी गच्च भरला होता. सबंध झाडीला माहीत होतं की राजाचा गाल गेला आहे. गिरजाबाई पुढच्या रांगेत म्हाताऱ्यांमध्ये बसली होती, आणि तिचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसून मी तुझ्या अर्धं पाऊल मागे उभा होतो.

ढोलकी थांबली. तू मान मागे टाकलीस. कमरेवर हात ठेवलास. तोंड उघडलंस.

हसू आलं नाही.

भजेवाल्याचा झारा थांबला. मला वाटलं संपलं, आता हा भर मंडईत कोसळणार, आणि याला इथे उभं करणारा मी.  मी डाव्या हाताकडे पाहिलं. मुठीत शेला होता, पेरं पांढरी झाली होती. आणि मग, तालमीत नसलेलं, ठरवलेलं नसलेलं, जन्मभर तू ज्याला नाही म्हटलंस ते झालं. मूठ उघडली. शेला खाली पडला. तो हात मागे, माझ्या दिशेनं आला, उताणा, रिकामा, आणि हवेत थांबून राहिला.

नंतर तू म्हणालास की तोल गेला होता. कासोटा चाचपत होतास. राजा लोकांसमोर हात धरत नसतो. ते सगळं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास आणि हा वाद आता मला एकट्यालाच चालवायचा आहे.

पण त्या क्षणी मी राणी नव्हतो, मास्तर नव्हतो, मला पुढचं वाक्यच आठवत नव्हतं. मी तो हात दोन्ही हातांत घेतला. कुणी हसलं नाही. तू प्रजेकडे तोंड करून उभा राहिलास, तुझ्या उरलेल्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तू पुसलं नाहीस. "भिऊ नका," तू म्हणालास, आणि शब्द सगळे मोडके होते तरी मंडईच्या टोकापर्यंत कळले. सबंध चौक असा गप्प, की बैलांच्या रवंथीचा आवाज यावा.

आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून तुझी गिरजाबाई ताडकन उभी राहिली, आणि आपण नाटक बघतो आहोत हे पार विसरून ओरडली,

"सोडू नोको वामनभाऊ, धरून ठेव त्याले!"